कॉफी कोण पितंय आता

अण्णा,

गेल्या रविवारी ठाण्यात तुमचा कॉफी भाजायचा ड्रम पाहिला. तो भंगारात घातला असं तुम्ही मला सांगितलं होतंत, म्हणून आधी वाटलं, तसाच दुसरा असेल. पण मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती आणि टोकाला तुमचीच तांब्याची तार. मूठ तापून माझा तळवा भाजला, त्या दिवशी तुम्ही ती गुंडाळली होतीत. लेकीला ठाण्यात काम होतं, मी सोबत गेले होते, आणि पाय दुखतात म्हणून तिने मला एका कॉफीच्या दुकानात बसवलं. चकचकीत दुकान. पोरं कॉम्प्युटर उघडून बसलेली, समोर बिनदुधाची काळी कॉफी. ना पुडीत मिसळायची चिकोरी, ना जायफळ. आणि कोपऱ्यात, दिव्याखाली, घासूनपुसून ठेवलेला तुमचा ड्रम.

आपलं डोंबिवलीचं दुकान किती लहान होतं. एक ड्रम, एक चक्की, चिकोरीचा डबा आणि तुमचं स्टूल. शाळेतून आले की मी मूठ फिरवायची. तुम्ही म्हणायचात, रंगाकडे बघू नकोस, रंग फसवतो, कान दे. बी तडतडायला लागली की माझा हात आपोआप हलका व्हायचा. मराठी गिऱ्हाईक क्वचितच. आपल्याकडे कॉफी म्हणजे आजाऱ्याला, परीक्षेच्या पोराला, नाहीतर रात्री जेवून बसलेल्या पाहुण्याला, तीही दुधात उकळून जायफळ घातलेली. आपलं दुकान चालायचं ते दक्षिणेकडच्या कुटुंबांवर. त्यांतल्या एक मामी आल्या की आधी मूठभर पूड नाकाशी धरायच्या. एकदा म्हणाल्या, "अण्णा, ही तुमची भाजणी नाही. ही मुलीची. तुम्ही आता नुसतं बसून पेपर वाचा." तुम्ही हसलात आणि म्हणालात, "वाचणारच आहे. पुढे दुकान तिलाच बघायचंय." मी चक्कीमागे उभी होते. ते वाक्य मी लग्नानंतर शहाडलाही सोबत नेलं, कुणाला न दाखवता.

मग हे गेले. मी धाकटं पोर कडेवर घेऊन परत आले. महिनाभर आईने मला काही बोलू दिलं नाही आणि नंतर एका सकाळी मीच स्वयंपाकघरात तुम्हाला विचारलं, की अण्णा, दुकानात येऊ का उद्यापासून? तुम्ही पाटावर बसलेले, समोर बशी. वर न बघता म्हणालात, "अगं, कॉफी कोण पितंय आता? जे पीत होते त्यांच्या पोरांनी बाटल्या आणल्या. चमचाभर टाकली, गरम पाणी ओतलं, झालं. आपली माणसं पाहुण्याला करायची, आता पाहुणेच येत नाहीत. या देशात कॉफी पिकते ती बाहेरच्यांसाठी. इथे चहाच राहणार. मी दुकान बंद करतोय." आई म्हणाली, "तिला दुसरं काहीतरी बघा." तुम्ही म्हणालात, "पोळ्यांना मागणी आहे."

आणि दुकान खरंच बंद झालं. मामी घरापर्यंत आल्या होत्या विचारायला. "आता आम्ही काय त्या बाटलीतलं पाणी प्यायचं?" म्हणाल्या. मी त्यांना तुमचंच सगळं ऐकवलं, देश काय पितो ते. "तू भाज ना," म्हणाल्या. मी म्हटलं, ड्रम भंगारात गेला.

त्यानंतर तुम्ही आठवड्यातून एकदा ठाण्याला जायचात. घरमालकाशी दुकानाचा वाद आहे, कोर्टाची तारीख आहे, असं सांगायचात. तुमचे सदरे मीच धुवायची. त्यांना भाजलेल्या कॉफीचा वास यायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "जन्माचा वास आहे, कपड्यात मुरलाय." ताजी भाजणी आणि शिळी यांतला फरक मला झोपेत कळला असता. तरी मी सदरा पिळून वाळत घातला. माझ्या नाकापेक्षा मी तुमच्यावर जास्त विश्वास ठेवला.

पोळ्या लाटून झाल्या की मी वाचनालयात जायची. शाळा अर्धी राहिलेली, पण वाचायची सवय लागली ती तिथे. पेपरात कॉफीबद्दल कुठे चार ओळी आल्या की मी त्या दोनदा वाचायची. आपली कॉफी परदेशी जाते, इथे चहाच चालतो, असं छापून आलं की मनात म्हणायची, अण्णांचं बरोबर होतं. मग हळूहळू सूर बदलला. शहरातली पोरं कॉफी प्यायला बाहेर जातात, असं येऊ लागलं. मग देशात कॉफी पिणं वाढतंय. मग चहाच्या मुलखातसुद्धा वाढतंय, लोक पुन्हा बी विकत घेऊन घरी दळतात. तेव्हा मला तुमची कीव आली, अण्णा. बिचारे थोडे आधी थकले, थोडं थांबले असते तर, असं म्हणत मी पेपर घडी करून ठेवायची.

रविवारी लेकीने त्या दुकानातल्या दाढीवाल्या मुलाला ड्रमबद्दल विचारलं. तो माझ्या चुलतभावाचा मुलगा निघाला. लग्नकार्यात लहानपणी पाहिलेला, ओळखलाच नाही मी. त्याने वाकून नमस्कार केला. "आत्या, तुम्ही! अहो, याच ड्रमवर बाबा शिकले. आजोबा डोंबिवलीचं सगळं सामान घेऊन आले होते. शेवटपर्यंत दर आठवड्याला यायचे शिकवायला. बाबांना शिव्या घालायचे, म्हणायचे, कान दे, कान." आणि मग, अगदी सहज, "आजोबांनी आधी तुम्हाला विचारलं होतं ना? पण तुम्हाला यात रस नव्हता, असं बाबा सांगतात."

विधवा बाई गल्ल्यावर नको, असं म्हणाला असतात तर मी भांडले असते, रडले असते, आणि विसरलेही असते. दुकान घराण्यातल्या मुलाकडेच जायला हवं, असं म्हणाला असतात तरी कळलं असतं, त्या काळी सगळेच तसं म्हणायचे. तुम्ही तसं काही म्हणाला नाहीत. तुम्ही सगळा देश माझ्यापुढे साक्षीला उभा केलात. देशाने कॉफी सोडली तिथे मी एकटी कुणावर रागावणार? आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हेच मला सोसत नाही. बाटल्या आल्याच होत्या. पाहुणे कमी झालेच होते. तुम्ही मला खरं सांगून फसवलंत, आणि तिकडे ठाण्यात 'नको' हा शब्द माझ्या तोंडी घातलात. दुकान गेल्याचं मी कधीच सोसलं होतं. पण मला ते हवं होतं, एवढंही तुम्ही माझं राहू दिलं नाहीत.

हे मी कुणाला वाचायला देणार नाही, लेकीलासुद्धा नाही. परत येताना ती बसमध्ये माझ्याशी बोलली नाही. तिला सगळं ठाऊक आहे, कारण तुमची ती सकाळ मी तिला पुष्कळदा सांगितली आहे. तो मुलगा उत्तराची वाट बघत होता, शेजारच्या टेबलावरची माणसंही ऐकत होती, आणि तुमचा फोटो ड्रमच्या वर लावलेला होता. मी म्हटलं, "हो रे. विचारलं होतं त्यांनी. मीच नको म्हटलं."