आधी धाकटा, मग शेळी

तीर्थरूप आईस,

प्रभू येशूच्या नावाने सलाम. मी सुखरूप आहे, हे आधी वाच आणि मगच पुढचं.

गुरुवारी आमच्या शीतगृहाचं दार बाहेरून अडकलं. आत मी, फोरमन आणि इलेक्ट्रिशियन. दार ठोकून ठोकून हात बधिर झाले, तेव्हा फोरमन म्हणाला, "तुला प्रार्थना येते ना? मोठ्यानं म्हण."

मला येते ती तुझीच, रोज संध्याकाळची. गुडघे टेकले आणि तुझ्याच क्रमानं सुरू झालो. आधी धाकटा, त्याचा खोकला, त्याची नोकरी. मग मावशी, मग आजारी शेळी. थोरला कायम शेवटी! लहानपणापासून माझ्या पोटात दुखतं ते हेच. पण क्रम बदलायला जीभ वळेना. ते दोघं तर धाकट्याच्या खोकल्यालाही मनापासून "आमेन" म्हणत होते. भीती कुठल्या कुठे गेली.

शेळीपर्यंत आलो आणि दार उघडलं. माझं नाव राहिलंच.

शेळी बरी आहे ना? आणि त्याचा खोकला? माझी बोटं आता बरीचशी हलतात.

पत्र मिळेल त्या संध्याकाळी सुरुवात माझ्यापासून कर. एकदाच. धाकटा थांबेल थोडा, मी तीस वर्षं थांबलोय.

तुझा,
शेळीनंतरचा थोरला