पांढऱ्याला पांढरा जुळत नाही

प्रिय पोरी,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो, म्हणून तो तुझ्या सासूने घेतला आणि नेहमीप्रमाणे, बरं आहे, सगळं बरं आहे, म्हणून ठेवून दिला. बरं काही नाही. घरात रंगकाम चाललंय, सगळं सामान खोल्यांच्या मधोमध चादरींखाली दडलंय आणि चहाची गाळणी कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही. घर पांढरंच करायचं ठरलं, पण प्रत्येक खोलीचा पांढरा वेगळा. तू हसशील. हस. बाकीच्या खोल्या झाल्या, तुझ्या खोलीवर मात्र गाडं अडलं होतं. तू फोनवर पुन्हा तेच म्हणालीस म्हणे, की पुढच्या आठवड्यात राजीनामा देते आणि चिमणीचं शाळेचं वर्ष संपलं की तिला घेऊन कायमची आमच्याकडे राहायला येते. मग तर त्या खोलीचं आधी ठरवायलाच हवं होतं. काय ठरलं ते तुला फोनवर सांगता येणार नाही, माझा आवाज ऐन वेळी दगा देतो. म्हणून लिहायला बसलो.

हे सगळं सुरू कसं झालं ते तुला ठाऊक नाही. माझ्या लेकाच्या आजारपणात तुमच्या खोलीतला पलंग भिंतीला लावला होता. तो उशी पाठीशी घेऊन बसायचा, डोकं भिंतीला टेकायचं, आणि तिथे एक मळकट, तेलकट डाग पडला. तो गेला, पलंग हलला, डाग राहिला. मागच्या सुट्टीत तुम्ही दोघी येणार होतात तेव्हा मला वाटलं, निदान तेवढं तरी पोरीच्या नजरेला पडू नये. माळ्यावर त्याच भिंतीचा जुना रंग थोडा उरला होता. ब्रश घेतला आणि डागापुरता हात मारला. ओला होता तोवर झकास दिसला. वाळल्यावर बघतो तर डागाच्या जागी उशीएवढं लख्ख पांढरं ठिगळ! डब्यातला रंग होता तसाच राहिला होता, भिंत मात्र इतक्या वर्षांत पिवळी पडली होती आणि रोज बघणाऱ्या आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. आधी डाग शोधावा लागायचा, आता दारातूनच दिसायला लागला. तू आलीस, बघितलंस आणि दुसऱ्या दिवशी तिथे कॅलेंडर लावलंस. कॅलेंडर लहान पडलं, पांढरी कड चारी बाजूंनी दिसत राहिली.

तुम्ही गेल्यावर रंगाऱ्याला बोलावलं. ही एक भिंत करून द्या म्हटलं. तो म्हणाला, एक केली की बाकीच्या तीन कळकट दिसणार, खोली केली की बाहेरचा बोळ कळकट दिसणार, मग तुम्ही मलाच शिव्या घालणार. आगीतून फुफाट्यात. शेवटी म्हटलं, रंगवून काढ बाबा सगळं घर. आणि ज्या खोलीसाठी हा पसारा मांडला ती सोडून मी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. धीर होत नव्हता, दुसरं काय.

खरं म्हणजे पांढऱ्याच्या बाबतीत मी फसायला नको होतं. जन्मभर कवळ्या बनवल्या. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं तर दातांवरच भरलं. डॉक्टर माप पाठवायचे, तरी मी रंगासाठी माणसाला खिडकीपाशी बोलवायचो, बायकांना लिपस्टिक पुसायला लावायचो, कारण लाल रंगाच्या शेजारी दात खोटं बोलतात. खरा दात नुसता पांढरा कधीच नसतो, मुळाशी जरा पिवळट आणि टोकाला जरा निळसर. अगदी पांढराशुभ्र बसवला तर माणूस हसला की आधी दात दिसतो, मग माणूस. हे सगळं मी नवीन मुलांना शिकवलं आणि स्वतःच्या भिंतीपुढे चारी मुंड्या चीत झालो.

दुकानात गेलो तर त्याने नुसत्या पांढऱ्यांचं एक जाडजूड पुस्तक पुढे टाकलं. मोती, साय, शिंपला, कापूस, हस्तिदंत. नावं वाचून भूक लागावी की भीती वाटावी कळेना. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळे सारखेच, म्हणून मी ते पुस्तक घेऊन फुटपाथवर उभा राहिलो आणि दुकानदार मी पळून जाईन म्हणून माझ्यामागे. रंगाऱ्याचं म्हणणं, पांढरा तो पांढरा, त्यात काय सोनं घ्यायचंय? मी त्याचं ऐकलं नाही. प्रत्येक खोलीत भिंतीवर नमुने लावायला लावले, ते सकाळी बघितले, दुपारी बघितले, दिवा लावून बघितले. बाहेरच्या खोलीत दिवसभर ऊन, तिथे थंड, किंचित राखाडीकडे झुकणारा घेतला. पिवळट घेतला असता तर दुपारी लोण्याच्या डब्यात बसल्यासारखं वाटलं असतं. आमच्या खोलीला उत्तरेचा उजेड, तो मुळातच निळा आणि उदास, म्हणून तिथे सायीचा. बोळाला खिडकीच नाही, तिथे कुठलाही पांढरा मेल्यासारखाच दिसतो. रंगारी म्हणाला, इथे तरी माझ्या मनाचा लावू द्या. लावला. चांगला दिसतो, पण मी त्याला तसं बोललो नाही, उगाच डोक्यावर बसायचा.

स्वयंपाकघरात मात्र फजिती झाली. खिडकीसमोर शेजाऱ्याने विटांची भिंत बांधलीय, हे माझ्या लक्षातच आलं नाही. नमुना खिडकीच्या बाजूला लावला होता, तिथे तो निर्मळ दिसला. सगळं रंगवून झालं, सकाळचं ऊन त्या विटांवर पडलं आणि आमचं स्वयंपाकघर हिरडीसारखं गुलाबी झालं. ही कणीक मळता मळता म्हणाली, कवळीत बसून स्वयंपाक करतेय असं वाटतंय. पोरी, तो गेल्यापासून हिच्या तोंडून आलेला हा पहिला विनोद. मी हसलो, तीही हसली, आणि मग आम्ही दोघंही असे गप्प झालो, जशी काही चोरीच केली. नंतर रंगाऱ्याला सांगून त्याच पांढऱ्यात हिरव्याचा अगदी थेंबभर मिसळला आणि पुन्हा हात मारला. गुलाबी हिरव्याने मरतो. आता बरं आहे, पण त्या दिवसासारखं ती पुन्हा बोलली नाही.

तुझ्या खोलीत ती रंगाऱ्याला शिरू देत नव्हती. दुपारची आवराआवर झाली की आत जाऊन बसायची. तो बादली घेऊन आला की आतून कडी. मी समजावलं, तर म्हणाली, ही भिंत त्याने बघितलेली आहे, तिला हात लावायचा नाही. शेवटच्या दिवसांत तो समोरच्या भिंतीकडेच बघत असायचा. एकदा मला म्हणाला, अप्पा, ही भिंत ऊन उतरलं की निळी होते. मी म्हटलं, गोळ्यांचा परिणाम. मग त्याच्या उशाशी टेकून बसलो, बराच वेळ बसलो, आणि खरंच, हळूहळू निळी झाली. नजर माझी घेतली होती त्याने. अंगात त्राण नसताना सुद्धा त्याला पांढऱ्यातला निळा दिसत होता, आणि त्या पोराला मी गोळ्यांचं कारण सांगत होतो. ही म्हणायची, सून येईल तेव्हा तिला खोली जशीच्या तशी मिळाली पाहिजे. मलाही ते पटायचं. तू येणार, चिमणी घरभर नाचणार, आमच्या म्हातारपणी घरात आवाज होईल, या एका आशेवर आम्ही दिवस ढकलत होतो. खोटं कशाला सांगू?

गेल्या आठवड्यात तुझे वडील येऊन गेले. तुला न सांगता आले, त्यांच्यावर रागावू नकोस. चादरीवरच बसले, चहा घेतला, रंगाचं कौतुक केलं आणि ओल्या भिंतीला कोपर टेकवून बाही भरवून घेतली. मग खाली बघत बघत सांगितलं. तुझ्या ऑफिसातले ते गृहस्थ, चिमणीला सायकल शिकवणारे, त्यांनी तुला लग्नाचं विचारलं. तुझ्याही मनात होतं. आणि तू नाही म्हणालीस. का, तर ते दोघं माझी खोली सांभाळून बसलेत, त्यांना माझ्याशिवाय कोण आहे. तुझे वडील म्हणाले, तुम्हाला दोष द्यायला आलो नाही, पण माझी मुलगी हसायला लागली होती हो.

मला राग आला. तुझ्याशी कशाला लपवू, त्या न पाहिलेल्या माणसाला मी मनातल्या मनात नाही नाही ते बोललो. माझ्या मुलाची जागा, माझ्या मुलाची मुलगी. ते गेल्यावर जेवण गेलं नाही. मग हळूहळू राग उतरला आणि लाज वाटायला लागली, की धडधाकट पोरीला आम्ही दोन म्हाताऱ्यांनी एका पिवळ्या पडलेल्या भिंतीला बांधून ठेवलंय. राग अजून पुरता गेलेला नाही, पण ते माझं मी बघेन. ही स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, रंगारी आला तर त्या खोलीचं दार सताड उघडं आणि ही पदर खोचून आत उभी. त्याला म्हणाली, डब्यातला कोरा पांढरा लाव, काही मिसळू नकोस. असला रंग मी कुणाच्या तोंडात बसवला नसता, पण मी जीभ आवरली. संध्याकाळी वास जायच्या आत तिने आमच्या गाद्या स्वतः ओढत नेल्या, शिलाई मशीन खिडकीखाली ठेवलं, तुझ्या कपाटातले कपडे घड्या घालून बॅगेत भरले. मी विचारलं, पोरगी येईल ती कुठे राहील? ती पलंगावर बसली आणि भिंतीकडे तोंड करून खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, तिला लिहा, खोली भरली म्हणावं. म्हणून हे पत्र. बॅग उद्या पाठवतो. राजीनामा देऊ नकोस, त्या गृहस्थांना हो म्हण. तुझ्यासाठी या घरात आता खोली नाही, पोरी.

कुठेही असलीस तरी तुझाच,
अप्पा