काना गावात माझ्या वाट्याचे शब्द

प्रिय क्लेटन,

मी बरी आहे, गुडघाही फारसा कुरकुरत नाही. फ्रीजरमधलं सूप काढलंस का? नुसत्या टोस्टवर राहू नकोस.

सकाळी आम्ही यात्रेतले सगळे बसने गालीलच्या सरोवरावर गेलो, होडीतून फिरलो. दुपारी तिथलाच मासा तळून, डोक्यासकट ताटात आला. तू असतास तर म्हणाला असतास, "एवढंसं पिल्लू, सोडा परत पाण्यात!" मी एकटीच हसले.

मग काना, येशूने लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला ते गाव. तिथल्या चर्चमध्ये जोडपी लग्नाच्या शपथा पुन्हा घेतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. आपल्या चर्चमधली मार्लिस ओरडली, "अगं डोरीन, हवा तर माझा हॅरल्ड घेऊन जा, पण घोरतो हं!" सगळे हसले. फादर नोवाक मात्र जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुमच्या वाट्याचे शब्द तुम्ही म्हणू शकता."

मी म्हटले. सुखात आणि दुःखात, सगळे.

आपल्या पॉलला पुरल्यापासून तू चर्चला येत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घरातही तू त्याचं नाव काढत नाहीस. तुझ्यासमोर जेवायला बसूनही मी या यात्रेच्या बसमध्ये असते तितकीच एकटी असते, क्लेटन.

तुझ्या वाट्याचे शब्द राहिलेत. त्यांना चर्च नको, फादर नको. मी आले की एकदा मुलाचं नाव घे. तेवढ्याने तुझी शपथ झाली असं मी धरीन.

अजूनही तुझीच,
डोरीन