भवानीचं गिऱ्हाईक

कोपरी, ठाणे
१० जानेवारी १९८९

चि. सौ. मालूस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. डोळ्यांच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला आणि गाडी चालवायची नाही म्हणाला. समोरचं मला लख्ख दिसतं. बाजूचं कमी झालंय असं त्याचं म्हणणं. मला तरी तसं जाणवत नाही. पण तुझ्या वहिनीने, सगुणाने धोशा लावला, म्हणून बाबांची फियाट विकायला काढली. कंपनीतून निवृत्त झाल्यावर इंजिन, पत्रा, गाद्या सगळं मी स्वतःच्या हातांनी नवं केलं, ते तू पाहिलंसच. बाबांनी आणली तेव्हाही ती इतकी देखणी नसेल.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते टिटवाळ्याचा आनंद नावाचा शिंपी. माणूस बरा, पण त्याने गाडीचं दार धाडकन लावलं. मी नाही म्हणून सांगितलं. नंतर आलेल्यांना गाडीची सगळी दुखणी आधीच ऐकवतो, ते चहा पिऊन निघून जातात. मला काही घाई नाही.

जावईबापूंना नमस्कार. मुलांवर लक्ष ठेव, आणि आमच्यावरही.

तुझा दादा,
गुणाजी

डोंबिवली
१७ जानेवारी १९८९

ती. दादास मालूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग. अरे, आपण कोळ्यांची पोरं ना? आईने भवानीचं गिऱ्हाईक कधी परत पाठवलं का? भाव जमला नाही तर चार मांदेली जास्त घालायची, पण सकाळचा पहिला माणूस पाटीपासून रिकाम्या हाताने जाऊ द्यायची नाही. मीही इथे बाजारात तेच करते. तू मात्र भवानीच मोडलीस आणि वर घाई नाही म्हणतोस.

वहिनीने कळवलंय की तू अजून रोज गाडी बाहेर काढतोस. दादा, मला भीती वाटते. त्या शिंप्याला परत बोलाव.

बोलले ते मनात धरू नकोस, माया आहे तेवढी राहू दे.

तुझी मालू

कोपरी, ठाणे
२ फेब्रुवारी १९८९

चि. सौ. मालूस आशीर्वाद.

तुझ्या भवानीपायी आनंदला बोलावलं. शीळफाट्यापर्यंत चालवून बघ म्हटलं आणि शेजारी बसलो. हात चांगला आहे त्याचा, गिअर हळुवार टाकतो. मुंब्र्याच्या पुढे त्याने करकचून ब्रेक मारला. रस्ता मोकळा असताना माझ्या ब्रेकची वाट का लावतोस, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. त्याने नुसतं बोट दाखवलं. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली एक बाई माझ्याच बाजूने रस्त्यात आली होती. ती बॉनेटच्या समोर पोचली तेव्हा मला दिसली.

घरी आल्यावर दोन्ही किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. गाडीची दुखणी सांगत बसलो नाही.

मालू, ती तू असतीस तरी मला दिसली नसतीस. हे सगुणाला सांगितलेलं नाही.

आहे तसाच जीव लावत राहा.

तुझा दादा