कळवायचा नंबर

प्रिय मास्तरीणबाई,

आठ महिन्यांनी लिहितेय. आईचा गुडघा कसा आहे? इथे ठीक. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची आपली कॉम्प्युटरची खोली तशीच थंडगार आहे आणि तुझ्या खुर्चीवर आता मी बसते.

माझ्या पहिल्या आठवड्यात मी दोनशे यंत्रांच्या सेटिंगमध्ये, बिघाड झाला की ज्यावर मेसेज जायचा तो एकच फोन नंबर हाताने टाईप करत बसले होते, आठवतं? तू मागून म्हणालीस, "अगं बाई, रिटायर होईपर्यंत हेच करणार का?" मग व्हेरिएबल शिकवलंस. एक नाव ठेवायचं, 'कळवायचा नंबर'. सगळीकडे ते नावच लिहायचं, खरा नंबर फक्त एका जागी. तिथे बदलला की दोनशे ठिकाणी बदलतो. मला जादूच वाटली. तिथे चुकलं तर दोनशे ठिकाणी चुकेल, असंही बजावलं होतंस. मी नुसती हो हो म्हणत होते.

रक्तपेढीचा फ्रिज बंद पडला तो दिवस मला तुटक तुटक आठवतो. सॉफ्टवेअरने इशारा दिला, पण तो कुणाच्याच फोनवर पोचला नाही. बेचाळीस पिशव्या फेकाव्या लागल्या, तीन ऑपरेशनं पुढे गेली. 'कळवायचा नंबर' कोरा निघाला आणि बदल करणाऱ्याच्या रकान्यात तुझं नाव. चौकशीत तू एवढंच म्हणालीस, "मी केल्याचं आठवत नाही, पण नाव माझंच आहे." तुझी नोकरी गेली. तू टेबलाचा खण आवरत होतीस आणि मी दारात उभी होते. मला रडू आलं नाही. त्यानंतर कशानेच आलेलं नाही. जेवते, कामावर येते, कुणी बोललं की मान हलवते.

फ्रिज बंद पडला त्याच्या आदल्या दुपारी तू जेवायला गेली होतीस. तुझा कॉम्प्युटर तुझ्याच नावाने उघडा होता. चाचणी करताना ड्युटीवरच्या माणसाला उगाच मेसेज जायला नकोत म्हणून मी तो नंबर पुसला. पाच मिनिटांत परत टाकणार होते. राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सगळं लख्ख आठवलं आणि मी गप्प बसले.

आज सकाळी हे साहेबांना लेखी दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "तिला माहीत आहे?" म्हणून हे पत्र. ते तुला फोन करतील, परत ये म्हणतील. यायचं की नाही ते तुझं तू ठरव. फक्त माझ्याबद्दल विचारलं, तर या वेळी मला सांभाळून घेऊ नकोस.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझीच,
चिमणी