सुप्यात पूनमच्या जेवणाची सोय

सोम. ८ डिसेंबर
मी सांगते, नात लिहिते. पूनम. तिला इथं सुप्याला कंपनीत लागून तीन महिने झाले. खोलीवर स्वयंपाक करायचा नाही, हा मालकिणीचा नियम. मेसचं खाऊन दोनदा पोट बिघडलं, सलाईन लागलं. माझा मुलगा दत्ता, म्हणजे तिचा बाप, मला एसटीत बसवताना म्हणाला, "रविवारपर्यंत धड खानावळ सापडली तर ठीक. न्हाईतर नोकरी सोडायला लाव आन् घिऊनच ये तिला."
पूनमला नोकरी सोडायची नाही. तिनं सोडावी असं मलाही वाटत नाही, पण दत्ताजवळ तसं बोलले नाही.

मंगळ. ९
हायवेवरचं हॉटेल. भाजीवर बोटभर तेल. पूनम म्हणे, तर्री आहे ती. म्हटलं, व्हय, अंघोळीला पुरंल.
संध्याकाळी एक मेस. मला पाट्या वाचता येत नाहीत, मी मागचं दार बघते. तिथं ज्या बादलीत उष्टी ताटं, त्याच बादलीत… पुढचं पूनम लिहीत नाही.
ताक पिऊन झोपलो.

बुध. १०
पूनम ड्यूटीवर. एकटीच फिरले. एका गल्लीत भाकरी थापल्याचा आवाज. दारात दहाबारा चपला, आत पंगत. हात धुतले, बसले. बाईनं न बोलता ताट वाढलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ठेचा. अशी भाकरी घर सोडल्यापासून नव्हती. आमटीला मीठ कमी हाय, म्हटलं. मुकाट मीठ आणून दिलं.
उठताना विचारलं, किती झालं?
सगळी पंगत थांबली.
ते घर होतं. मुलगी बघायला पाहुणे आलेले. बाईला वाटलं मी पाहुण्यांतली, पाहुण्यांना वाटलं घरातली.

गुरु. ११
पूनमला घेऊन माफी मागायला गेले. सुमनबाई नाव. हसून हसून डोळे पुसले तिनं. म्हणाली, पाहुणे गप गिळत हुते, मिठाचं तुमीच सांगितलं.
मग विचारून टाकलं, माझ्या नातीला दोन वेळा जेवायला घालाल का.
"मी काय खानावळवाली न्हाई, मावशी."
"म्हणून तर विचारते."
बराच वेळ तवा पुसत राहिली. मग पूनमला म्हणाली, "तिखट चालतं का गं?"
पूनमनं तिथंच दोन भाकरी खाल्ल्या.

रवि. १४
चार दिवस झाले, पोट ठणठणीत. जीव भांड्यात पडला. दत्ताचा फोन. खानावळीचं नाव काय? म्हटलं, मला कुठं पाटी वाचता येती. मग म्हणाला, "राहू दे तिला. महिनाभर बघू."
उद्या सकाळच्या गाडीनं मी गावी.
सुमनबाईच्या पाहुण्यांचा निरोप अजून नाही. आला तर लग्नाची गडबड, पूनमचं ताट कोण वाढणार? सुमनबाईची पोर गुणाची आहे, तिचं जमावं असं मनापासून वाटतं. पण उन्हाळ्यात जमलं तर बरं.
पूनम म्हणते, आजी, हे लिहायचं नाही.
लिही.