चिपाडांची माती

४ फेब्रु.
हे रिटायर झाले, खडकीचं क्वार्टर सोडून कात्रजला आलो त्याला आज आठवडा. दारातला अनंत तिथेच राहिला. क्वार्टर्स पाडणार म्हणे. आता त्याची ही डब्यातली काडी तेवढी. दोन पानं. जगलीच पाहिजे.
सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "गच्चीवर माती नको. स्लॅबला वजन होतं."

९ फेब्रु.
कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं आणली. तुकडे करून शेणा-गुळाच्या पाण्यात भिजवायची, ड्रमात भरायची. तीनेक महिन्यांत मातीच होते, वजनाला हलकी. रसवाले म्हणाले, "काकू, लिंबाच्या फोडी वेचून काढा, नाहीतर आंबंल." दुपारभर वेचत बसले. डोळा लागला तर खिडकीत अनंत फुललेला.
जिन्यात सेक्रेटरी: "वहिनी, गुऱ्हाळ टाकताय वाटतं?"
"हो. उद्घाटनाला या."

२२ फेब्रु.
ड्रमात हात घातला. गरम! आत काहीतरी चाललंय. हात काढवेना. ऊन, गुळाचा वास, मी कुठल्या घरी आहे तेच क्षणभर...

१४ मार्च
घात झाला. वासाची तक्रार आली म्हणून ह्यांनी ड्रमात फिनेल ओतलं. अर्धी बाटली! पस्तीस वर्षं फॅक्टरीत काढली, स्वच्छ म्हणजे फिनेल. "तुला कोणी बोलू नये म्हणून गं." मी रडले. चिपाडांसाठी! ड्रम गार पडला.

१६ मार्च
हे न सांगता गेले, चिपाडांचं पोतं घेऊन आले. चष्मा लावून लिंबाच्या फोडी वेचत बसले. राग कुठे गेला कळलं नाही.

६ मे
मुळं डब्याच्या भोकांतून बाहेर आलीत. नवा ड्रम अजून कोमट. कच्च्यात लावलं तर मुळं भाजतील, थांबले तर डब्यात गुदमरेल. ह्यांना विचारलं. "तू म्हणशील तसं." म्हणजे चुकलं तर माझंच.

११ मे
खडकीहून जुन्या शेजारणीचा फोन. आपली लाइन पाडली. अनंत? "तोही गेला गं."
दुपारी डब्यातला ड्रमात लावून टाकला. वरचं काळं, भुसभुशीत. खाली अजून चिपाड दिसतंय.

१९ मे
दोन पानं गळली. शेंडा हिरवा आहे. असावा. मी फार वेळ बघत बसते, मग सगळंच हिरवं दिसायला लागतं.
सेक्रेटरी वर आले. आता काय काढतात म्हणून उभी राहिले. वाकून बघितलं, मग जरा हळूच, "जगला तर एक फांदी द्याल? हिला अनंत फार आवडतो."
"जगला तर," म्हटलं.